कर्नल आडवा आला

कर्स्टन : भुवईला टाके पडलेत, आई. फोनवर तू "खरचटलं" म्हणालीस.

मॅक्सीन : खरचटलं, मग शिवलं. त्यात खोटं काय? आणि तू न कळवता डेटनहून थेट फ्लोरिडात माझ्या दारात येऊन उभी राहशील हे मला काय माहीत. कळवलं असतंस तर टोपी घातली असती.

कर्स्टन : म्हणूनच नाही कळवलं.

मॅक्सीन : मेबल झोपली का?

कर्स्टन : झोपली. आजीच्या पलंगावर, चारी बाजूंनी उशा लावून. दाराला खुर्ची टेकवलीय. मागच्या तळ्यात ती मगर आहे ना अजून?

मॅक्सीन : आहे. पण तिला अजून दार उघडता येत नाही.

कर्स्टन : चेष्टा नको करूस.

मॅक्सीन : बरं. हे काय चिरतेयस?

कर्स्टन : द्राक्षं. उठली की लागतील तिला. अख्खं द्राक्ष घशात अडकतं.

मॅक्सीन : एका द्राक्षाचे चार तुकडे? तुझ्या वेळी मी तुझ्या हातात घोस देऊन अंगणात सोडून देत होते.

कर्स्टन : तरीच मी अशी झाले. आता नीट सांग, कशी पडलीस?

मॅक्सीन : किती वेळा सांगू. मंगळवारी सकाळी पॅडल टेनिस खेळत होते. हॅरिएटने चेंडू डोक्यावरून टाकला, मी मागे मागे गेले आणि बर्नीसचा कर्नल आडवा आला.

कर्स्टन : कर्नल म्हणजे तो आखूड पायांचा कुत्रा.

मॅक्सीन : तोच. आखूड होता म्हणून तर दिसला नाही.

कर्स्टन : जानेवारीत अंघोळीच्या टबात घसरलीस तेव्हा आपलं काय ठरलं होतं?

मॅक्सीन : आठवतंय मला. पुन्हा एकदा अशीच आपली आपण पडले, तर हे घर बंद करायचं आणि तुमच्या तळघरात यायचं.

कर्स्टन : तळघर नाही, खालची खोली. ग्रेगने स्वतः रंग दिलाय, पिवळा. न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीय. खिडकीसुद्धा आहे.

मॅक्सीन : त्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसतात. पुढची दोनच. पण कुत्र्यामुळे पडलेलं त्यात धरायचं नाही. ते तूच कबूल केलं होतंस.

कर्स्टन : केलं होतं. म्हणून तर विचारतेय. पण मला एक कळत नाही, या वयात हे खूळ शिरलं कुठून? गेल्या नाताळात तू विणकामाच्या गटात जात होतीस.

मॅक्सीन : विणकामात फार मारामाऱ्या होत्या. आणि हा खेळ आमच्याच मापाचा आहे गं. कोर्ट आखूड. बॅटला तारा नाहीत, नुसती भोकं. सर्व्हिस कमरेखालून करायची, आणि एकदाच, चुकली की गेली. चेंडूला सुई टोचून हवा काढतात, म्हणजे फार उसळायला नको.

कर्स्टन : आणि माणसं?

मॅक्सीन : त्यांचीही हवा गेलेलीच असते. तरी उसळतात. सध्या गुडघ्यांवरून वाद पेटलाय. ज्यांनी गुडघे बदलून घेतलेत त्यांना वेगळ्या गटात टाका, अशी जुन्या गुडघ्यावाल्यांची मागणी आहे. म्हणतात, ही फसवणूक आहे.

कर्स्टन : कोणीतरी आलंय. बसून राहा, मी बघते. या, नॉर्बर्ट. ओळखलंत ना? मी कर्स्टन. हिची मुलगी.

नॉर्बर्ट : फोटोत पाहिलंय. फोटोत तुम्ही हसत होता. मॅक्सीन, उपांत्य सामना आहे, लक्षात आहे ना? समोरच्या संघाची, मॅग्नोलिया लेक वसाहतीची मंडळी येऊन बसलीत. गाडी दारात लावलीय.

कर्स्टन : दोन मिनिटं बसा ना. तुम्ही आईचे खेळातले जोडीदार. मंगळवारी तिथे होतात?

नॉर्बर्ट : प्रत्यक्षदर्शी होतो. जन्मभर विमा कंपनीत खोटे दावे पकडले मी, त्यामुळे असं काही झालं की तपशील आपोआप टिपला जातो. सदर कुत्रा तलावाच्या बाजूने आला. तपकिरी रंगाचा. वेग बऱ्यापैकी. पट्टा सुटलेला. तुमच्या आईची नजर चेंडूवर असल्याने तिची काहीच चूक नव्हती.

कर्स्टन : भुंकला?

नॉर्बर्ट : दोनदा. आधी एकदा, नंतर एकदा.

मॅक्सीन : पुरे की. निघायला हवं आपल्याला.

कर्स्टन : निघू. मेबलला कुत्री फार आवडतात. येताना मी कर्नलसाठी बिस्किटं घेऊन आलेय. तो कुठे असेल आत्ता?

नॉर्बर्ट : आत्ता... तो विश्रांती घेतोय.

कर्स्टन : बर्नीसच्या घरी?

नॉर्बर्ट : नाही. म्हणजे, उघड्यावर.

मॅक्सीन : नॉर्बर्ट, थंड चहा घे. तोंडात काहीतरी घाल.

कर्स्टन : आई, मार्चमध्ये कर्नल वारला. त्याला कोर्टाजवळच्या बाकापाशी पुरलंत, ते सगळं तू मला फोनवर दाखवलंस. सगळ्यांच्या अंगात काळे कपडे आणि पायात खेळायचे बूट, कारण नंतर सामना होता. हॅरिएटने मॅकरोनीचं सॅलड आणलं होतं. आणि नॉर्बर्ट, भाषण तुम्ही केलंत. "त्याने कधी कोणाचा पॉइंट अडवला नाही," असं म्हणालात. मी बाथरूममध्ये बसून रडले होते.

नॉर्बर्ट : भाषण चांगलं झालं होतं.

मॅक्सीन : तू गप्प बस. आधी एकदा भुंकला, नंतर एकदा. म्हणे खोटे दावे पकडले.

कर्स्टन : तुम्ही सगळे मिळून हे करता?

नॉर्बर्ट : आता लपवण्यात अर्थ नाही. हो, ही इथली पद्धत आहे. कोर्टावर कोणी पडलं की मुलांना फोन जातो, आणि फोनवर कर्नल आडवा आलेला असतो. माझ्या मुलाच्या हिशेबाने तो मला दोनदा आडवा आला. हॅरिएटची मुलगी तर बर्नीसला वकिलाची नोटीस पाठवणार होती. खरं सांगायचं तर तो जिवंत असताना बाकाखालून उठायचासुद्धा नाही.

कर्स्टन : मेल्यावर तरी सोडायचं त्याला.

नॉर्बर्ट : सोडलं होतं. कर्नल गेल्यावर थोड्याच दिवसांनी खुद्द बर्नीस पडली. आता कुत्र्याचं नाव कसं घ्यायचं, तोच तर गेला म्हणून ती रडत होती. तिने मुलाला खरं सांगितलं, की माझी मलाच भोवळ आली. पंधरवड्याच्या आत तो ट्रक घेऊन आला. आता ती टुसॉनला त्याच्याकडे असते. दर रविवारी फोन करते आणि कोण जिंकलं ते विचारते. आम्ही सांगतो की तुझ्या जागी अजून कोणालाही घेतलेलं नाही.

कर्स्टन : खरंच नाही घेतलं?

मॅक्सीन : दुसऱ्याच दिवशी घेतलं. पण ते तिला कशाला सांगायचं.

कर्स्टन : म्हणून कर्नल परत आला.

नॉर्बर्ट : गरजेपोटी.

कर्स्टन : आई, आता खरं सांग. माझ्याकडे बघून.

मॅक्सीन : डोळ्यांपुढे अंधार आला. चेंडू दिसत होता, मग दिसेनासा झाला. जागी झाले तेव्हा वर सगळ्यांचे चेहरे, आणि हॅरिएट विचारत होती की पॉइंट कोणाचा.

कर्स्टन : डॉक्टर काय म्हणाले?

मॅक्सीन : अंगात पाणी कमी होतं म्हणाले.

कर्स्टन : बाटली तर सगळ्यांच्या हातात असते. फोटोत बघितलंय मी.

नॉर्बर्ट : बाटली असते. पीत कोणी नाही. सामना असला की आदल्या संध्याकाळपासून आम्ही पाणी बंद करतो. बाथरूम क्लबहाऊसमध्ये आहे, तिथे जाऊन येईपर्यंत वेळ जातो, आणि नियम असा आहे की मधेच जो कोर्ट सोडेल त्याने तो गेम गमावला.

कर्स्टन : असला नियम कुठल्या शहाण्याने केला?

नॉर्बर्ट : तुमच्या आईने.

मॅक्सीन : हॅरिएट हरायला लागली की तिला बरोबर लागायची. परत यायची ती ताजीतवानी होऊन.

कर्स्टन : तुम्हाला सगळ्यांना वेड लागलंय. फ्लोरिडाचं ऊन, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि पाण्याचा घोट नाही. नॉर्बर्ट, तुम्ही सामन्याला जा. आई येणार नाही. आम्हाला सामान बांधायचंय.

मॅक्सीन : मला वाटलंच होतं. कामावर परत कधी जायचंय तुला?

कर्स्टन : त्याचा इथे काय संबंध?

मॅक्सीन : कधी?

कर्स्टन : पुढच्या महिन्यात.

मॅक्सीन : आणि मेबलला सांभाळायला अजून कोणी मिळालेलं नाही. खरं सांग, तुला खालच्या खोलीत आई हवीय की आया?

कर्स्टन : दोन्ही. दोन्ही हवंय मला, झालं? फोन वाजला की मी धावत जाते. घरून मेबलचं काही असेल की फ्लोरिडाहून, एवढंच बघते. दिवसभर मी मनातल्या मनात एका हाताने तिला धरून असते आणि एका हाताने तुला. मला दोघी एका घरात हव्यात. निदान माझी मान एकाच बाजूला वळेल.

मॅक्सीन : ती पडणारच गं. चालायला लागलीय.

कर्स्टन : आणि तू?

मॅक्सीन : तुझे बाबा कधी पडले नाहीत. आरामखुर्चीत बसले, समोर टीव्ही चालू, तसेच गेले. सगळे म्हणाले, किती शांतपणे गेला. शांतच होता तो. गेल्याचं कळायला मला जाहिराती लागेपर्यंत थांबावं लागलं. मला पडायची भीती नाही असं नाही. पण कोणीतरी चिरून दिलेली द्राक्षं खात पिवळ्या भिंतीकडे बघत बसायचं, त्याची जास्त आहे.

नॉर्बर्ट : मी गाडीत थांबू का?

कर्स्टन : नाही. बसा. हे नियम ठरवणाऱ्या तुमच्या समितीत कोण कोण आहे?

नॉर्बर्ट : मी, मॅक्सीन आणि हॅरिएट.

कर्स्टन : म्हणजे तिघांतले दोघं इथे आहात. कोर्ट सोडायचा तो नियम आजपासून रद्द.

नॉर्बर्ट : त्याला आधी सूचना द्यावी लागते, मग बैठक...

मॅक्सीन : रद्द. हात वर कर, नॉर्बर्ट.

कर्स्टन : दर वेळी बाजू बदलली की भरून एक पेला पाणी. सगळ्यांनी. टाके निघेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत आई खेळणार नाही. आजही नाही.

नॉर्बर्ट : मग आज आम्ही हरलो.

कर्स्टन : हरा. आणि आई, यापुढे पडलीस तर मला खरं सांगायचं. आधी मला, मग हॅरिएटला.

मॅक्सीन : आणि सामान?

कर्स्टन : माझा फोन वाजतोय. ग्रेग असेल.

मॅक्सीन : कर्स्टन, सामान बांधू का?

(कर्स्टन फोन घेते. मॅक्सीन ताटलीतला द्राक्षाचा एक तुकडा उचलते आणि तसाच हातात धरून ठेवते.)

कर्स्टन : हां, ग्रेग. पोचलो नीट. मेबल झोपलीय... हो, बघितलं. टाके आहेत, पण चेहरा बराय... नाही, तशी नाही पडली. कुत्रा आडवा आला... अरे, तोच, बर्नीसचा... नाही, ती इथेच राहील. पाळणाघराचं बघू आपण काहीतरी. रंग राहू दे, मेबलला खेळायला होईल ती खोली... हो, आहे की अजून. म्हातारा झालाय फार. बाकापाशीच पडून असतो आता.