नऊ डोकी उंच

...आणि मालक वर तोंड करून सांगतात काय, तर "ललिताबाई, तुम्ही घरच्याच आहात, तुम्हाला पदाची काय गरज?" घरच्या! मग तो पुतण्या काय वाटेवरून उचलून आणला होता? बावीस वर्षं, तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं आमची बायको एकाच कंपनीत घागऱ्यांची, ड्रेसची चित्रं काढतेय, आणि क्रिएटिव्ह डायरेक्टर कोण? मालक रावसाहेबांचा पुतण्या आमोद! वय सव्वीस, मिलानला जाऊन फॅशन शिकला, तीन महिने, त्यातला एक महिना सुट्टीचा! दर दिवाळीला हेच रावसाहेब म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुम्हीच." एकदा जुन्या चित्रामागे तिने बारीक अक्षरात लिहून पाहिलं होतं, 'ललिता, क्रिएटिव्ह डायरेक्टर', आणि मग खोडरबराने पुसलं होतं. मी पाहिलंय ते. वाईट वाटतं हो. पण पुतण्याची बातमी ऐकून ललिता काय म्हणाली? "बरं" म्हणाली!

आता या धंद्यातली एक गंमत ऐका. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोकी उंच असते. म्हणजे तिचंच डोकं मापाला घेतलं, तर एकावर एक नऊ बसतात. तुम्हीआम्ही साडेसात. नारायण पेठेत तर सात भरायची मारामार! ही जादाची उंची जाते कुठे? सगळी पायांत! कंबर मुठीएवढी, पाय खडकवासल्यापर्यंत. कपडा झोकदार दिसावा म्हणून काढायचं तसं, शिवायचं नसतं. ललिता नऊ डोक्यांची बाई काढणार, आणि कटिंगचे रतन मास्तर त्यातून साडेसात डोक्यांचा घागरा कापणार. बावीस वर्षं दोघांनी यावर एक अक्षर बोलायची वेळ आली नाही. ती चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खऱ्या मापाची एक रेघ ओढायची, मास्तर मान हलवायचे, की झालं काम!

तर हे आमोदराव पहिल्याच आठवड्यात खाली कटिंगला उतरले. एका हातात चित्र, एका हातात तयार घागरा. "मॅम, धिस इज शॉकिंग! तुमच्या ड्रॉइंगमध्ये काय फ्लो आहे, आणि हा मास्तर सगळं कापून टाकतो! यापुढे ड्रॉइंगच फायनल. जसं चित्र, तसा कपडा. एक इंचसुद्धा इकडेतिकडे नको!" अहो, ज्याने शिंप्याला आयुष्यात चड्डीची नाडीसुद्धा घालायला दिली नसेल, तो मास्तरांना इंच शिकवतो! ललिता एवढंच म्हणाली, "अहो पण, चित्रातली बाई..." तर म्हणतो, "मॅम, ओल्ड थिंकिंग!" आणि ललिता? "बरं" म्हणाली!

रतन मास्तर मात्र शांत माणूस. चष्मा पुसला, म्हणाले, "साहेब, मी माझी अक्कल वापरायची का नाही, तेवढं लिहून द्या." आणि त्या शहाण्याने दिलं की हो लिहून! सहीनिशी! मास्तरांनी तो कागद भिंतीला टाचला, चित्रावर पट्टी ठेवली, डोकं मोजलं, पाय मोजले, आणि प्रमाण धरून कापले बारा घागरे. अगदी चित्राबरहुकूम. कंबर अठरा इंच, खाली चौदा इंच जास्त!

शो येरवड्याच्या पलीकडे एका हॉटेलात. कपडे अंगाला लावून बघायचे असतात आधी, पण आमोदराव म्हणाले, "फ्रेशनेस जातो!" झालं! अठरा इंचांत एकीची कंबर मावेना, म्हणून पाठीमागून सेफ्टी पिनांची रांग, आणि पहिली मुलगी आली ती दोन्ही हातांनी कापड वर धरून, पाणी साचलेल्या रस्त्यातून चालावी तशी. दुसरी स्वतःच्याच घेरावर पाय देऊन थांबली. तिसरी दुसरीवर! पाचवी तर सरळ खाली बसली बिचारी, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींनी, "लागलं का गं बाळा?" म्हणून तिला पाण्याची बाटली दिली. टाळ्या वाजल्या त्या तेवढ्या आजींसाठीच.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. आमोद म्हणतो, "चूक ड्रॉइंगची!" रतन मास्तरांनी भिंतीवरचा कागद काढून टेबलावर ठेवला. रावसाहेबांनी वाचला. परत वाचला. आणि न्याय काय केला? पुतण्याला बढती! आजपासून तो चीफ क्रिएटिव्ह डायरेक्टर, चित्रंही तोच काढणार, कारण त्याची 'दृष्टी मोठी आहे'. आणि ललिताबाई? क्रिएटिव्ह डायरेक्टर! मिळालं हो, बावीस वर्षांनी मिळालं! काम काय, तर पुतण्याच्या चित्राखाली खऱ्या माणसाची मापं लिहायची. चित्र काढायचं नाही. ज्या हाताने बावीस वर्षं कुंचला धरला, त्याने आता आकडे लिहायचे! आणि ललिता म्हणाली... अहो, तुम्हीच सांगा आता मला काय ते!

संध्याकाळी घरी आली, नवं व्हिजिटिंग कार्ड चहाच्या कपाला टेकवून ठेवलं आणि बघत बसली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "उद्याच्या उद्या राजीनामा फेक त्याच्या तोंडावर! घरी बस, हवी तेवढी चित्रं काढ! लिहून देऊ का मी?"

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा ही बाई ताडकन म्हणाली, "नाही!"

मी गार! रावसाहेबांना नाही, आमोदला नाही, मला! म्हटलं, "का पण?"

"त्या पोराची चित्रं रतन मास्तरांना वाचून कोण दाखवणार? परत काही चुकलं, तर कागद असला तरी या वेळी मास्तरच जातील." आणि उठून कपबशी विसळायला गेली.

आणि मी?

"बरं" म्हणालो.