‘येते’ म्हणून गेली

मंडळी, ऐका. पेटी जरा थांबवा, तबलाही थांबू द्या. आधी एक प्रश्न विचारतो, मग आख्यान लावतो.

माणूस घरातून निघताना काय म्हणतं? ‘जातो’ म्हणतं का? नाही म्हणत! जीभच वळत नाही. म्हातारी दवाखान्यात निघाली तरी ‘येते’. पोरगं परगावी नोकरीला निघालं तरी ‘येतो’. लेक सासरी निघाली, डोळ्याला पदर लावला, तरी ‘येते गं आई’! निघालंय जायला आणि सांगतंय येतो! आता मला सांगा, हे वचन आहे की नुसती बोलायची पद्धत? आणि तो माणूस येणार की नाही, हे ठरवायचं कुणी? जाणाऱ्यानं, की मागं राहणाऱ्यानं?

हं, माना हलवू नका. तुम्हाला उत्तर येत नाही, मला इथून दिसतंय. मलाही पुरतं येत नाही. म्हणूनच गोष्ट सांगतो.

घाटाखाली हरणगाव नावाचं गाव. गावात एकच टॉकीज. पंखे फिरतात कमी, वाजतात जास्त. त्या टॉकीजला एक सिनेमा लागला. नाव सांगत नाही, देवळात जाहिरात नको. पण मोठा पुरस्कार मिळालेला सिनेमा! पोस्टरवर पुरस्काराच्या नावाच्या दोन्ही बाजूंना पानांच्या डहाळ्या काढलेल्या. अर्ध्या गावाला वाटलं, शेतीवरचा सिनेमा आहे. आत जाऊन बसले, तर प्रेमाचा निघाला.

काय होतं त्यात? नवरा-बायको. एकमेकांवर जीव जडला म्हणून लग्न केलेलं. पण दोन तास बघा – भांडण नाही, मारामारी नाही, सासूसुद्धा नाही! ती खिडकीत उभी राहते. तो चहा करतो. दोघं मिळून चादरीच्या घड्या घालतात. आणि शेवटी एका सकाळी ती बॅग उचलते, दारात चपला घालते आणि म्हणते, “येते.” तो ओट्याशी उभा, हातात चहाची गाळणी. तिच्याकडं बघतो, बोलत काहीच नाही. ती बाहेर पडते. मग उघडं दार दिसतं... दिसत राहतं... दिसतच राहतं... आणि पडद्यावर नावं!

लोक बसूनच. मशीन अडकलं असं वाटलं सगळ्यांना. शेवटी डोअरकीपरनं येऊन सांगितलं, “संपलंय, उठा.” तेव्हा एकानं विचारलं, “म्हणजे ती येती का नाही?” डोअरकीपर म्हणाला, “मला काय सांगून गेली नाही.”

आणि मंडळी, नायकाला पुरस्कार कशाचा मिळाला माहितीये? शेवटी काही न बोलल्याचा! आता आमच्या तबलजींना हे सांगू नका, उद्यापासून न वाजवता बिदागी मागतील.

तर गावात पडले दोन तट. एक म्हणे ती परत येते, दुसरा म्हणे छट्, येत नाही. लोकांनी त्यांना आडनावंच देऊन टाकली – येणारे आणि न येणारे! येणाऱ्यांचे पुढारी झांबरे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. न येणाऱ्यांचे पुढारी पुराणिक, औषधांचं दुकान त्यांचं. आणि दोन्ही तटांची लढाई चालायची कुठं? दिगंबर शेवाळ्याच्या बेकरीत, खारी खात.

हा दिगंबर आपल्या गोष्टीतला माणूस. पहाटे उठून भट्टी पेटवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको कुंदा, शांत बाई. पोरगी लग्न होऊन गेलेली. घरात दोघंच. त्यांनीही सिनेमा पाहिला बरं का. घरी चालत येताना कुंदा म्हणाली, “अहो, तुम्हाला काय वाटतं? येत असेल ती परत?”

दिगंबर म्हणाला, “येईल की. जाणार कुठं?”

कुंदा घरी आली, दूध तापवलं, झोपली. यात भांडण झालं का? तुम्हीच सांगा. त्यालाही तसं काही वाटलं नाही.

त्याला मात्र स्वतःचं ते वाक्य फार आवडलं! दुसऱ्या दिवसापासून बेकरीत तेच सुरू. कुणी म्हटलं ती येत नाही, की याचं ठरलेलं, “येईल हो, जाणार कुठं?” आणि लोक हसायचे. माणसाच्या एका वाक्याला लोक हसले ना, की तो ते जन्मभर सोडत नाही. अशी माणसं आज इथंही बसलेली आहेत, नावं घेत नाही.

पुढं एका सकाळी बेकरी भरलेली. पुराणिक तावातावानं सांगतायत की ती बाई कायमची गेली. दिगंबर भट्टीतून पावाचा ट्रे काढतोय. आणि दुकानाच्या पायरीशी कुंदा येऊन उभी राहिली. हातात बॅग. म्हणाली, “येते.”

दिगंबरनं ट्रे ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, “येईल हो! जाणार कुठं?”

कुणाला म्हणाला? पुराणिकांना म्हणाला! सिनेमातल्या बाईबद्दल म्हणाला! कुंदा त्याला दिसली होती, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून. बाजाराला निघाली असेल, असं वाटलं. लोक नेहमीसारखे हसले. हसणं थांबलं तेव्हा पायरी रिकामी होती.

संध्याकाळी घरी गेला, तर दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या काकूंकडं. काकू म्हणाल्या, “माहेरी गेली की कुंदा. तुम्हाला सांगून निघते म्हणाली होती.” आत भाकरी झाकून ठेवलेली, आमटी केलेली. रागानं गेलेली बाई आमटी करून जाते का? त्याला काही कळेना. त्यानं फोन लावला.

“अगं, कुठंयस?”

“दादाकडं. आले नीट.”

“काय झालं? कुणी आजारी आहे का?”

“नाही. सगळे बरे आहेत.”

“मग कधी येतेस?”

“बघू,” म्हणाली, आणि फोन ठेवला.

आता बघू म्हणजे काय, मंडळी? आपण वर्गणी मागायला आलेल्याला बघू म्हणतो, म्हणजे नाही. पोरानं जत्रेला नेता का म्हटलं की बघू म्हणतो, म्हणजे हो. बायको बघू म्हणाली तर काय समजायचं? दिगंबर रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

विचारायचं कुणाला? बायको गेली, असं भरल्या बेकरीत कसं बोलायचं? मग त्यानं युक्ती केली. सिनेमाचं निमित्त! पुराणिक आले, तर त्यांच्यासमोर खारी ठेवून हळूच म्हणाला, “काय हो, ती नाहीच येणार असं वाटतं तुम्हाला?”

“कशाला येईल?” पुराणिक म्हणाले. “दोन तासांत त्या माणसानं तिला एकदा तरी विचारलं का, बाई, तुझ्या मनात काय आहे म्हणून?”

दिगंबरचा चेहरा उतरला. “वाईट नाहीये हो तो. दारू पीत नाही. कष्टाळू आहे.”

“कष्टाळू? चहा गाळतो नुसता.”

“असं कसं? पहाटे उठून भट्टी पेटवतो, दिवसभर उभा राहतो—”

“भट्टी?” पुराणिकांच्या हातातली खारी हातातच राहिली. “सिनेमात भट्टी कुठंय?”

बघा, कशी दैना झाली! मग दुपारी गुरुजी आले. ते येणाऱ्यांचे. दिगंबरला धीर आला, त्यानं नानकटाई पुढं केली. “गुरुजी, येईल ना हो ती?”

“म्हणजे काय? शंभर टक्के येते.”

“कशावरून पण?”

“बॅग बघितलीस का? लहान होती. कायमचं जाणारं माणूस लहान बॅग नेत नाही.”

दिगंबर दुकान तसंच सोडून घरी धावला. कपाटावर बघतो, तर लहान बॅग तिथंच आणि मोठी गायब. मटकन खाली बसला. हसताय तुम्ही, पण इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या घरात बॅगा किती, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कुंदा नसेल तर आपल्याला या घरात राहता येणार नाही, हे तिथं फरशीवर बसल्या बसल्या त्याला लख्ख कळलं आणि त्याला रडू आलं. पण ती का गेली, ते अजूनही कळेना.

मग त्यानं काय केलं? परत सिनेमाला गेला. एकटा! उत्तर तिथंच असेल, आपलं बघायचं राहिलं असेल, असं वाटलं. दोन तास डोळे ताणून बघितला. खिडकी बघितली, चादरी बघितल्या. काही सापडेना. आला शेवट. तिनं बॅग उचलली, चपला घातल्या, दारात उभी राहिली. म्हणाली, “येते.”

आणि मागच्या खुर्च्यांमधून कुणीतरी बाई सहज बोलून गेली, “ये गं.”

सगळं टॉकीज हसलं. ती बाई बिचारी लाजली असेल, तोंडाला पदर लावला असेल. सिनेमा आहे, हे विसरली होती ती. कुणी येते म्हटलं की तोंडातून ये निघतं आपोआप, तसं निघालं. सगळे हसले, दिगंबर हसला नाही.

सिनेमातल्या त्या माणसानं ‘ये’ म्हटलं नव्हतं. येणारे आणि न येणारे रोज घसा कोरडा करत होते – ती काय करेल, ती काय करेल! तो काय बोलला, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि आपण काय बोललो होतो? त्याला बेकरीची पायरी आठवली, पावाचा ट्रे आठवला. कुंदा म्हणाली होती, येते. आणि तिच्या कानावर काय पडलं होतं? येईल हो, जाणार कुठं. वर चार माणसांचं हसणं!

मंडळी, निरोप घ्यायचा असतो तसा द्यायचाही असतो. जाणारा हात पुढं करून उभा असतो. आपण देणारे, पण आपलं लक्ष भलतीकडंच.

सकाळची पहिली एसटी धरून दिगंबर तिच्या माहेरी गेला. कुंदा ओट्यावर पावटे सोलत बसलेली. भावानं रामराम केला, भावजयीनं पाणी दिलं आणि दोघं शहाणी माणसं आत निघून गेली.

कुंदा म्हणाली, “न्यायला आलात?”

“नाही,” दिगंबर म्हणाला. “तू येते म्हणालीस तेव्हा मी ‘ये’ म्हटलं नव्हतं. ते म्हणायला आलो.”

तिच्या हातातली शेंग थांबली. “एवढ्यासाठी एसटीनं आलात?”

“हो.”

“मग म्हणा.”

आता एवढा मोठा माणूस, रोज शंभर गिऱ्हाइकांशी बोलणारा, पण हे एक अक्षर त्याला जड गेलं. कसंबसं म्हणाला, “ये, कुंदा.”

तिनं हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी सिनेमाहून येताना जाणार कुठं म्हणालात ना, तेव्हा मी रात्रभर विचार केला, खरंच, मी जाणार तरी कुठं? दादाचं घर, नाहीतर तुमचं. तिसरं मला सुचेना. त्याचं वाईट वाटलं हो. आणि तुम्ही ते रोज दुकानात सांगून लोकांना हसवत होता.”

“मी त्या सिनेमातल्या बाईबद्दल—”

“मीही तिच्याबद्दलच विचारत होते का?”

खरं सांगायचं तर दिगंबरला अर्धंच कळलं. पण त्यानं समजल्यासारखी मान हलवली नाही, यात त्याचा मोठेपणा! म्हणाला, “मला कळत नाही गं. तू सांग, मी ऐकतो.”

कुंदानं सूप बाजूला सरकवलं आणि त्याला बसायला जागा केली. म्हणाली, “आज नाही येत मी. इथं बरं वाटतंय. माझं मला वाटेल तेव्हा येईन.”

“ये,” तो म्हणाला.

पावटे सोलू लागला, जेवला आणि एकटा परत आला. एसटी स्टँडवर पुराणिक भेटले. “काय, वहिनींना आणलं नाही?” कारण तोवर गावाला कळलंच होतं, अशी गोष्ट लपते होय? दिगंबर म्हणाला, “आणायला गेलोच नव्हतो.” पुराणिकांच्या काही डोक्यात शिरलं नाही, तुमच्याही चेहऱ्यावर तेच दिसतंय.

आली का ती? आली. एका दुपारी आली, मोठी बॅग कपाटावर ठेवली आणि चहा टाकला. का गेली होती, याचा दिगंबरला आजही नीट पत्ता नाही. का परत आली, याचाही नाही. पण आता ती नळावर निघाली तरी हा आतून म्हणतो, “ये गं.” ती म्हणते, “अहो, पाण्याला चाललेय.” हा म्हणतो, “असू दे, ये.”

आणि गावातलं भांडण? ते मिटलं नाही. येणारे-न येणारे अजून भांडतात, आणि खारी खपतेय चांगली.

आता माझ्याकडं बघू नका, स्वतःकडं बघा. आज घरून कीर्तनाला निघताना ‘येते’ म्हणून कोण कोण निघालं? बाया, तुम्ही म्हणालात ना? आणि मालकांनी काय उत्तर दिलं? आठवतंय? टीव्ही चालू होता? फोन कानाला होता? मालक मंडळी, तुम्ही आईला, बापाला काय म्हणालात? ते ओसरीवरून ‘ये रे’ म्हणाले, ते तुम्ही ऐकलंत तरी का? माणूस रोज जातं हो. रोज दारात थांबून विचारतं, मी परत यावं असं तुम्हाला वाटतं ना? आणि आपण आत बसून ठरवतो, येईल की.

नामाचा गजर नंतर करू. देव कुठं पळून जात नाही. आधी पुरुष मंडळींनी तोंड त्या बाजूला, बायका बसल्यात तिकडं करा. बायांनी इकडं बघा. आपापलं माणूस शोधा. ज्यांचं माणूस इथं नाही, त्यांनी डोळे मिटा. आणि म्हणा एकच अक्षर – ये.

काय? कुणाचाच आवाज नाही? अहो, देवाला हाका मारताना छप्पर उडवता, आणि घरच्या माणसाला एक अक्षर म्हणता येत नाही? थांबतो मी. पेटी वाजणार नाही, टाळ वाजणार नाही, आरती उशिरा होईल. मी थांबलोय. म्हणा.