आफ्रिकेसाठी नवरात्राचे उपास

मलकापूर स्टेशनच्या प्रतीक्षालयात जनकाबाई माळ ओढत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर कापसाचे जिनिंगवाले शेठ बायकोला आफ्रिकेतल्या शिकारीचा बेत सांगत होते.

"गाइड सिंह शोधून देते, जीप जवळ नेते. आपण फक्त बंदूक चालवायची."

"मंग भिंतीवरच्या मुंडक्याखाली नाव गाइडचंच लावा."

"थट्टा नको करू. तू यंदा नवरात्राचे नऊ उपास माह्या नावानं धर. देवी सांभाळीन मले."

"घरातला उंदीर मारू देत नाही तुम्ही. काऊन हो?"

"गणपतीचं वाहन हाय ना ते!"

"अन् सिंह कोणाचं हाय?"

जनकाबाईंच्या अंगठ्याखाली मणी थांबला.

"बरं, हत्ती मारतो."

"लक्ष्मीच्या फोटोत दोन हत्ती उभे हायत. त्यातला कोणता मारता?"

"मंग रानरेडा! तो तं चालते?"

"चालते ना. यमाचं वाहन हाय ते. रेडा मेल्यावर यम पायी निघीन, अन् पहिले तुमचंच घर विचारीन. तेव्हा मात्र मले उपासाचं सांगू नका."