हौदाचं पाणी फिरतं ठेवा लागते

माहेर माह्यं चांदूर बाजारकडचं, सासर वलगावजवय, दोन्हीकडे भोयाचंच घर, म्हणजे जलमापासून मासोळीच पाह्यली म्हना. आमच्या सोसायटीचं मासोळीच्या पिल्लाचं केंद्र हाय, तिथं मी कामाले. रोहू, कटला ह्या मासोळ्या अंडे देते, ते गोल हौदात फिरत्या पाण्यात ठेवा लागते. काय सांगू तुमाले, पाणी जोरात फिरलं तं अंडं फुटते, थांबलं तं खाली बसून गुदमरते. पयले काही तास लय नाजूक, जास्त अंडे तवाच मरते. मेलेलं पांढरं पडते, जितं काचेसारखं राह्यते.

माह्या पोटातलेही असेच सुरुवातीलेच गेले, दोनदा. मंग काही राह्यलंच नाई. मोठी जाऊही तिथंच कामाले, म्हणून ते मले हौदाले हात लावू देत नोती, म्हणे तू झाडझूड कर, अंड्याजवय नको येऊ. घरात कोनाची ओटी भराची असली तरी मले बलावत नोती. राग येये, लय येये, पण झाडतच राह्यली मी.

मांगच्या हंगामात भर दुपारी लाइन गेली, जनरेटरही चालू होईना, पाणी थांबलं अन् तापाले लागलं. जाऊबाई घाबरली, बाजाराच्या मासोळीसाठी ठेवलेली बर्फाची लादी उचलून आनली, हौदात टाकतेच आता. मी हात धरला तिचा. म्हटलं, जाऊबाई, बर्फ मेलेल्या मासोळीले असते, जित्या अंड्याले नाई. अन् इचारलं नाई कोनाले, दोन्ही हात घातले पाण्यात, कडेकडेनं हयूहयू फिरवत राह्यली. ते पाहतच राह्यली माह्याकडे. मंग बर्फ ठेवला खाली अन् समोरच्या बाजूनं तिनंही हात घातले. लाइन येईपर्यंत आमी दोघी फिरवून राह्यलो. पांढरे पडले बरेच, खोटं कावून सांगू, पण बाकीच्यात दुसऱ्या दिवशी सकायी शेपट्या हालून राह्यल्या होत्या.

यंदा तिच्या पोरीले दिवस गेले. जाऊबाई घरी आली, म्हणे पयली ओटी तूच भर. मी म्हटलं, इतके वर्स लागले तुमाले हे म्हनाले? रडली ते, मीही रडली. मंग म्हटलं येतो, पण हौदात अंडे हाय, माह्या जागी तुमी उभ्या राहा. राह्यली ते.

पोरीची ओटी भरली, डोक्यावर हात ठेवला, म्हटलं सुखानं मोकयी हो माय. अन् परत आली तं जाऊबाई हौदाजवयच होती, पाण्यातून नजर काढेना. म्हणे, शेवंता, पाह्य ना, पांढरे कमी हाय.