मऊ उजेड

पारास्किवा : अजून थोडं. गळ्याकडचं बघ की, टर्कीसारखा लोंबतोय.

गावरिल : काकू, चित्र याहून पुसट केलं तर तुमच्या जागी नुसता ढग दिसेल.

पारास्किवा : दिसू दे. हे जातंय इटलीला. झाम्फिराच्या आईला पोरीच्या लग्नाला रजा मिळाली नाही. निदान व्हिडिओ बघून तरी म्हणू दे, लग्नाची धर्मआई शोभली हो. पण तू हे करतोस कसं रे?

गावरिल : त्यात काय? तुमच्या चित्रावर तुमचंच दुसरं चित्र ठेवायचं. वरचं पुसट करायचं, उजळायचं, मग खालचं दिसेल इतपत पातळ करायचं. सुरकुत्या जातात, मेणबत्त्यांभोवती मऊ उजेड पसरतो. गावातला दारुडासुद्धा चर्चमधल्या तसबिरीतून उतरल्यासारखा दिसतो.

पारास्किवा : मग रुमालाच्या वेळचं पण तसंच कर. तिथं जरा जास्तच. नेकुलाईनं मुद्दाम सांगितलंय.

गावरिल : नवरदेवानं? त्यानं तर अजून काही बघितलंच नाही.

पारास्किवा : म्हणाला, झाम्फिरा तेव्हा दमली होती, रडवेली दिसत असेल. त्यानंच आणलं मला गाडीतून. खाली टायर बदलतोय, येईलच.

गावरिल : तो यायच्या आत एक सांगा. नवरी रुमाल किती वेळा फेकते?

पारास्किवा : लग्नं टिपून टिपून केस पिकले तुझे आणि मला विचारतोस? धर्मआई नवरीचा जाळीचा पदर उतरवते, डोक्याला लग्न झालेल्या बाईचा रुमाल बांधायला घेते. नवरी दोनदा झटकून टाकते, तिसऱ्यांदा मान खाली घालते. पहिल्यांदाच घातली तर लोक म्हणतात, पोरीला भारी घाई.

गावरिल : झाम्फिरानं पाच वेळा फेकला.

पारास्किवा : हो ना. हसून हसून पोटं दुखली लोकांची. बँडवाल्यांनी तेच कडवं पाच वेळा वाजवलं.

गावरिल : मीही हसलो. कॅमेरा हललेला दिसतो बघा, हा इथं. पण इथं एकटा बसून बघताना हसू येईना. हा मऊ उजेड टाकला की डोळेही विरघळतात, माणूस आंधळा दिसतो. म्हणून डोळ्यांभोवती हातानं रेघ काढून तेवढे स्पष्ट ठेवावे लागतात. एकेक चित्र थांबवून. दोन दिवस मी त्या पोरीच्या डोळ्यांमागे फिरतोय, काकू. ते नवऱ्याकडे बघत नाहीत, पाहुण्यांकडे बघत नाहीत. सारखे तुमच्याकडे बघतायत.

पारास्किवा : धर्मआईकडे नाही बघणार तर कुणाकडे? आई तिकडे परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळत बसलीय.

गावरिल : तेच म्हणतोय मी.

पारास्किवा : काय तेच?

गावरिल : पाद्रीबाबांचा आवाज नीट यावा म्हणून नवऱ्याच्या कॉलरला छोटा माइक लावला होता. चर्चमधून निघताना काढायचा विसरलो. जेवणाच्या मंडपात, नाचात, रुमालाच्या वेळी, सगळीकडे तो चालूच होता. बँडचा आवाज काढून टाकला की ऐकू येतं. ऐकवतो.

पारास्किवा : नको. बंद कर ते.

गावरिल : अजून लावलंच नाही.

पारास्किवा : मला एका कानानं कमी ऐकू येतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

गावरिल : मग घाबरता कशाला?

पारास्किवा : ऐकलंय मी. 'अजून एकदा फेक, मग घरी गेल्यावर बघतो तुला.' असं म्हणाला. मला वाटलं, थट्टा असेल. नवरदेव बोलतात असलं काहीबाही.

गावरिल : आणि ती?

पारास्किवा : 'धर्मआई, मला नाही जायचं.' प्रत्येक नवरी तेच म्हणते रे. मीसुद्धा म्हणाले होते, म्हणायचंच असतं. लोक हसत होते, ताटातले सारमाले गार होत होते. मी गाठ मारली. चांगली घट्ट मारली, पुन्हा फेकायला नको म्हणून.

गावरिल : त्यानंतर कधी बघितलंत तिला?

पारास्किवा : आठवड्यानं जोडपं गोड पाव घेऊन धर्मआईकडे येतं. तो एकटाच आला. तिला ताप आहे म्हणाला. लग्नाला आता नऊ आठवडे झाले.

गावरिल : तिची आई दर रविवारी मला फोन करते. पोरीचा फोन लागत नाही. म्हणते, गावरिलभाऊ, निदान व्हिडिओ पाठवा, चेहरा तरी दिसेल.

पारास्किवा : वर त्याच्या घरी, करवतीच्या गिरणीपाशी, फोन लागत नाही.

गावरिल : हे कुणी सांगितलं?

पारास्किवा : त्यानंच. गप्प बस आता. जिन्यावर तोच आहे.

(नेकुलाई आत येतो, दारातल्या गोणपाटावर बराच वेळ बूट पुसत राहतो.)

नेकुलाई : तुमची फरशी नको खराब व्हायला. झालं का, गावरिलकाका?

गावरिल : हे बघ.

नेकुलाई : छान. उजेड छान आहे. रडलेलं कळत नाही. याच्याखाली जे मूळ असतं, ते कुठं असतं?

गावरिल : कॅमेऱ्याच्या कार्डात.

नेकुलाई : ते कार्ड द्या मला. घरचं घरात असलेलं बरं. आणि हे घ्या तुमचं. माझ्या कोटाला राहिलं होतं.

गावरिल : माइक होय. मी शोधतच होतो.

नेकुलाई : कोट झाडताना झाम्फिराला सापडला. परवा लाकडं घेऊन आत आलो तर त्याच्याशी बोलत बसलेली. म्हटलं, काय गं? तर म्हणे, गावरिलकाका ऐकतायत. खरंच ऐकू येतं का हो तिथलं?

गावरिल : नाही. शंभर पावलांपलीकडचं काही येत नाही. त्यात बॅटरी चर्चमध्येच संपली होती.

नेकुलाई : मीही तेच सांगितलं तिला. आता नाही बोलत.

पारास्किवा : नाही बोलत म्हणजे?

नेकुलाई : माइकशी नाही बोलत, धर्मआई.

पारास्किवा : मी तुझ्याबरोबर वर येते. आत्ता.

नेकुलाई : रस्ता खराब आहे. चिखल झालाय.

पारास्किवा : चिखल मी जन्मापासून बघतेय.

नेकुलाई : परतीला बस नाही.

पारास्किवा : राहीन चार दिवस. पोरीच्या घरी जायला धर्मआईला आमंत्रण लागत नाही, नेकुलाई. तुझ्या आईनं शिकवलं नसेल तर आता शिक.

नेकुलाई : जशी तुमची इच्छा. काका, कार्ड.

गावरिल : काकू, तुम्ही कशाला जाता? उद्या जाऊ. मी येतो बरोबर.

पारास्किवा : दे ते कार्ड त्याला. आणि झाम्फिराच्या आईला फोन लाव. सांग, पारास्किवा वर गेलीय, त्याच्याच गाडीतून.

नेकुलाई : तिला कशाला त्रास?

पारास्किवा : आई आहे ती. होऊ दे त्रास.

नेकुलाई : चला मग. पुढे बसा. वळणं फार आहेत, पट्टा लावा.

(दोघं जातात. गावरिल फोन लावतो.)

गावरिल : हॅलो, पोलीस चौकी? मी गावरिल, व्हिडिओवाला. वरच्या करवतीच्या गिरणीकडे गाडी पाठवा. नेकुलाईच्या घरी. आत्ता, साहेब, उद्या नाही. धर्मआई एकटी गेलीय त्याच्याबरोबर... त्याच्या बायकोसाठी. नऊ आठवडे कुणी बघितली नाही तिला... पुरावा आहे. तो कार्ड घेऊन गेला, पण आवाज मी वेगळा काढून ठेवलाय... तक्रार तिनं स्वतः करायला हवी? केलीय की. पाच वेळा केलीय, तीनशे माणसांसमोर... मी? नातेवाईक नाही. मी तिच्या लग्नाला होतो... हो, साहेब. तुम्हीही होतात.