मायाप्पा आणि लाल तेलाचा आळ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्तावीस वर्षांची ड्रायव्हरकी आटोपून आज घरी निघालेले आमचे मायाप्पा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी पारूबाई, आणि हंगामाची घाई असूनही या हॉलमध्ये जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मी मारुतीराव, आपल्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपचा मिस्त्री. हातात पाना असला की मला सुचतं, माईक दिला की घसा कोरडा पडतो. त्यात आधीच्या चार वक्त्यांनी मायाप्पांची स्तुती करताना मला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. म्हणून मी जरा माझ्याबद्दल बोलणार आहे. अध्यक्षांनी घंटी वाजवू नये, ही विनंती.

चौऱ्याहत्तर साल आठवा. त्या वेळच्या चेअरमन साहेबांनी गोव्याहून एक जुनी अमेरिकन गाडी आणली होती. क्लच नाही, गियर आपोआप पडणारे. निपाणीपासून संकेश्वरपर्यंत लोक ती बघायला थांबायचे. तिच्या गियरबॉक्सला लाल, पातळ तेल लागायचं. त्याचा डबा कुलपात, आणि किल्ली मायाप्पांकडे.

एका सकाळी तवंदी घाटात गाडी चढेना. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. मी गेलो, गाडी निवल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं, तर आत सोलकढी! आदल्याच दिवशी मायाप्पांनी तेल भरलं होतं. मी निकाल देऊन मोकळा झालो. "तेल पाण्याच्या तोंडात वतलंस की रं!"

ते एवढंच म्हणाले, "न्हाय वो मिस्त्री. गियरबॉक्सातच घातलो मी. बघा तरी."

मी बघितलं नाही. का बघितलं नाही? त्यांच्या जागी माझ्या भावकीतला कुणी असता, तर मी आधी गाडी तपासली असती. मायाप्पा आंबेडकरनगरातले, म्हणून मी आधी माणसाला दोषी धरलं. हे सांगायला जीभ जड होते, पण खरं ते हेच.

साहेबांनी त्यांच्याकडून गाडी काढून घेतली आणि वजनकाट्यावर बसवलं. कॉलनीत त्यांना 'तेलवत्या' नाव पडलं. पारूबाई नळावर गेल्या की बायका तोंडाला पदर लावायच्या.

मी रेडिएटर धुतला, तेल बदललं, इंजिनचं हेड उघडून नवं गॅस्केट घातलं. आठ दिवसांत पुन्हा सोलकढी. आता डब्याची किल्ली तर माझ्याच खिशात होती! शेवटी रेडिएटर घेऊन बेळगावच्या कॅम्पात गेलो. तिथं लष्करातून निवृत्त झालेले एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी मला समजावलं, की गियरबॉक्सचं तापलेलं तेल थंड व्हायला रेडिएटरच्या तळातल्या एका नळीतून फिरतं. मला हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी रेडिएटर पाण्यानं भरला, तेलाच्या नळीचं एक तोंड बंद केलं आणि दुसऱ्याला सायकलचा पंप लावला. पाण्यात बुडबुडे आले. नळी आतून गंजली होती. तेल पाण्यात जात होतं आणि पाणी तेलात.

नळी बदलली, गियरबॉक्स तीनदा नव्या तेलानं धुतला. गाडी घाट चढली, मायाप्पांना परत मिळाली, साहेबांनी माझी पाठ थोपटली. "गाडी दुरुस्त झाली," असं मी म्हणालो. "मायाप्पांची चूक नव्हती," असं म्हणालो नाही. चार लोकांत माझी मिस्त्रीगिरी उघडी पडेल, याची लाज वाटली. पुढं माझ्या लेकीला बाळंतपणाला बेळगावला नेलं ते मायाप्पांनीच. सबंध वाटेत त्यांनी या गोष्टीचा शब्दही काढला नाही, आणि मला मात्र मान वर करवेना.

परवा त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. मायाप्पा म्हणाले, "जाऊ द्या वो मिस्त्री. तेरा वर्सं झाली."

पारूबाई चुलीपुढून उठून आल्या. म्हणाल्या, "घरात नगं. चार लोकांत नाव घालवलासा, चार लोकांत सांगा."

बाई, चार नव्हे, तीनशे लोक बसलेत. त्यांच्यासमोर सांगतो. मायाप्पांनी तेल जिथं घालायचं तिथंच घातलं होतं. चूक माझी होती, आणि ती झाकलीही मीच.

अध्यक्षांनी घंटीवरचा हात आवरला, सभागृहानं शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, ते आपण सांभाळून घ्यावं. त्या जुन्या चुकीचं काय करायचं, ते मात्र पारूबाईंनी ठरवावं.