शिवणकाकांचा चेहरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपले संचालक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या सेवा विभागाच्या प्रमुख मॅडम, मॅडमना घरी सांभाळून घेणारे त्यांचे यजमान, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सूनबाई, आणि मागे दाराजवळ चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेले माझे सगळे सहकारी, सर्वांना नमस्कार.

माझ्या आधी चार वक्ते बोलले. चौघांनीही मॅडमना शिस्तप्रिय म्हटलं. विक्रीवाले साहेब तर 'अत्यंत शिस्तप्रिय' म्हणाले आणि म्हणताना दोन पावलं मागे सरकले. आता मॅडम निवृत्तच होतायत, तर स्पष्ट बोलायला काय हरकत आहे? आपण सगळे मॅडमना घाबरतो. त्यांच्या पाठीमागे आपण त्यांना 'टाचणी' म्हणतो. मॅडम, असं बघू नका, हे नाव मी ठेवलेलं नाही. ज्यांनी ठेवलं ते व्यासपीठावर आहेत, पण मी त्यांच्याकडे बघणार नाही.

मी कंपनीचा संगणकवाला. माणसांशी बोलायची मला सवय नाही. पण मॅडमविषयीची एक गोष्ट या सभागृहात फक्त मला माहीत आहे. त्यांच्या यजमानांनाही ती ठाऊक नाही, हे मी समारंभ सुरू व्हायच्या आधी दाराशी हळूच विचारून घेतलंय.

दोन वर्षांपूर्वी आपण कंपनीचा ईमेल बदलला, आठवतंय? आठवत नसेल तरी तेव्हा तुम्ही मला दिलेल्या शिव्या आठवत असतील. जुनी व्यवस्था पार म्हातारी झाली होती. एक मेल पाठवली की ती पोचली का हे विचारायला फोन करावा लागायचा. म्हणून सगळ्यांच्या मेल, पत्ते, फोल्डर उचलून नव्या व्यवस्थेत न्यायचे होते. म्हणजे काय, तर घर बदलायचं होतं. आणि घर बदलताना जे होतं तेच झालं. कोणाकडे काय काय पडलंय ते बाहेर आलं. हिशेबवाल्या साहेबांच्या फोल्डरचं नाव 'महत्त्वाचे', त्याच्या आत 'फार महत्त्वाचे', त्याच्या आत 'खरंच महत्त्वाचे', आणि त्याच्या आत काहीही नव्हतं.

तर नव्या व्यवस्थेचा एक नियम होता. प्रत्येक मेलबॉक्सला एक जिवंत मालक हवा. त्याने कॅमेऱ्यासमोर बसून चेहरा दाखवायचा, मगच त्याचा बॉक्स नव्या घरात येणार. ठरलेल्या शुक्रवारी कचेरी सुटेपर्यंत ज्याला मालक मिळणार नाही, तो बॉक्स कायमचा बंद.

सगळे चेहरे दाखवून गेले. काही जण केस विंचरून आले, एक जण टाय लावून आले. राहिला एकच बॉक्स. शिवणकाकांचा.

शिवणकाका कोण हे इथं कोणाला सांगायला नको, पण सूनबाईंसाठी सांगतो. आपण शिलाई मशीन बनवतो. मशीन बिघडलं की गिऱ्हाईक आपल्याला मेल लिहितं, रागावूनच लिहितं. त्या मेलना उत्तरं शिवणकाका द्यायचे. 'ताई, आधी एक घोट पाणी प्या. मग सुई काढून बघा, उलटी तर बसली नाही ना? बसली असेल तर कोणाला सांगू नका, मीही सांगणार नाही.' अशी त्यांची भाषा. भांडायला आलेली माणसं पुढच्या मेलमध्ये मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायची. पण काका होते कोण? मी सेवा विभागात विचारलं, ते म्हणाले दुरुस्तीत बसतात. दुरुस्तीवाले म्हणाले गोदामात असतील. गोदामवाले म्हणाले, ते कधीच निवृत्त झाले, फार चांगला माणूस होता. आणि असं म्हणणाऱ्याने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं!

तुम्ही म्हणाल, संगणकवाला असून तुला शोधता येईना? शोधलं की. काकांची मेल सेवा विभागातल्या त्या कोपऱ्यातल्या संगणकावरून जायची. त्यावर सगळा विभाग बसतो. प्रत्येकाला विचारलं, प्रत्येकाने कानावर हात ठेवले.

शेवटी मी काकांनाच मेल टाकली. 'आदरणीय काका, कृपया येऊन चेहरा दाखवावा.' तासाभरात उत्तर. 'बाळा, गुडघा फार दुखतो, जिना चढवत नाही. चेहऱ्यात बघण्यासारखं काही नाही.' आता माझे केस पिकायला लागलेत, घरात मुलं मला बाबा म्हणतात. पण कोणीतरी बाळा म्हटलं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग आमचा पत्रव्यवहारच सुरू झाला.

आणि मी काकांना काय लिहावं? मॅडमची तक्रार!

झालं होतं असं, की मॅडम त्यांच्या विभागाच्या संगणकांना हात लावू देत नव्हत्या. 'जुनं चालतंय ना? मग कशाला उचकटता? माझी एक जरी मेल हरवली तर तुम्हाला त्या सर्व्हरच्या कपाटात कोंबून बाहेरून कडी लावीन,' असं मला चारचौघांत म्हणाल्या. मी काकांपुढे मन मोकळं केलं. लिहिलं, 'काका, त्या टाचणीने माझा जीव नकोसा केलाय.' नाव का पडलं तेही सविस्तर कळवलं.

काका लिहितात, 'नाव छान आहे. आता ऐक. तिच्याकडे जेवणाआधी जाऊ नकोस. एकदम सोपं आहे असं म्हणू नकोस, सोप्या गोष्टींचा तिला संशय येतो. आधी तिची एकच मेल हलवून दाखव. ती पोचली की बाकीच्या ती स्वतः देईल.' मी विचारलं, 'काका, तुमचं बरं जमतं हो त्यांच्याशी?' काका म्हणाले, 'जमवून घ्यावं लागतं बाळा. एकाच खोलीत बसतो ना.' मी विचारलं, 'मनाने तरी बऱ्या आहेत का?' उत्तर आलं, 'मनाचं काही सांगता येत नाही. पाठ मात्र फार दुखते तिची.'

हसताय? मी नव्हतो हसलो. मी तो सल्ला मनापासून पाळला. जेवण झाल्यावर गेलो, सोपं म्हणालो नाही, एक मेल हलवून दाखवली. मॅडमनी ती नव्या घरात उघडून पाहिली आणि म्हणाल्या, 'बाकीच्या घेऊन जा.' माझा जीव भांड्यात पडला. निघताना पाठीमागून आवाज आला, 'काय हो, एखादी टाचणी आहे का तुमच्याकडे?' मी म्हटलं, 'न-नाही मॅडम.' 'असू दे,' म्हणाल्या, 'लागली तर सांगा.' आणि एवढं होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, मंडळी. हा माणूस तुमचे पासवर्ड सांभाळतो.

शुक्रवार उजाडला. काकांना मी शेवटची विनंती केली. काका, आज आला नाहीत तर तुमचा बॉक्स जाईल, इतक्या वर्षांचं सगळं जाईल, उद्यापासून त्या ताया कोणाला लिहितील? काकांनी लिहिलं, 'जाऊ दे बाळा. फक्त एका ताईचं उत्तर अर्धं राहिलंय. तिच्या मशीनचा दोरा सारखा तुटतोय आणि सोमवारपर्यंत तिला गणवेश शिवून द्यायचेत. ते उत्तर गेलं की मग बंद कर.'

मला रडायलाच आलं. हो, संगणकवाल्यांनाही येतं. तरीही बॉक्स बंद करायच्या कागदावर विभागप्रमुखांची सही लागते, म्हणून दुपारी मॅडमपुढे उभा राहिलो. त्यांनी पेन उघडलं. सही करायला हात टेकवला आणि खाली बघतच म्हणाल्या, 'त्या ताईचं उत्तर गेलं का?'

मी म्हटलं, 'हो मॅडम, गेलं.' आणि मग म्हटलं, 'मॅडम, कुठल्या ताईचं?'

पेन तिथंच थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, 'दार लावा.'

मी दार लावलं. वाटलं, आता सर्व्हरचं कपाट.

म्हणाल्या, 'मॅडम म्हणून लिहिलं की लोक भांडतात. काका म्हणून लिहिलं की गुडघा कसा आहे विचारतात. माझ्या चुलत्यांचं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक कितीही तापून येऊ दे, ते आधी पाणी द्यायचे. मला ते तोंडाने कधी जमलं नाही. लिहिताना जमतं.' मी विचारलं, 'मग बंद का होऊ देत होतात?' तर म्हणाल्या, 'चेहरा दाखवायचा म्हणजे तुम्हाला कळणार. आणि मी गोड आहे हे एकदा कळलं की या विभागात कोण माझं ऐकेल?'

मी तो कागद फाडला. कचेरीचा कागद फाडायची हिंमत मी पहिल्यांदाच केली. मॅडमनी खुर्ची कॅमेऱ्याकडे वळवली. यंत्र म्हणालं, पापण्या मिटा. मॅडमनी पापणी न लववता यंत्राकडे रोखून पाहिलं. यंत्राने थोडा वेळ विचार केला आणि हिरवी खूण दाखवली. त्यालाही जिवाची भीती असणार. मग मला म्हणाल्या, 'हे बाहेर गेलं तर बघा.' दोन वर्षं मी ताकास तूर लागू दिली नाही.

मग आज कसं सांगितलं? कारण आज मॅडमचं खातं बंद होतं. मालक गेला की बॉक्स गेला, तोच नियम. नवा मालक आजच हवा. मी मॅडमना विचारलं, कोणाला देऊ? मला वाटलं विक्रीतल्या गोडबोल्या माणसांपैकी एखादं नाव सांगतील. त्या म्हणाल्या, 'नाहीसाहेबांना द्या.'

नाहीसाहेब म्हणजे सुट्या भागांच्या खिडकीवर बसणारे आपले ज्येष्ठ सहकारी. खिडकीशी कोणी काहीही मागितलं की आधी 'नाही' म्हणतात, म्हणून नाहीसाहेब. मी म्हटलं, 'मॅडम, ते तर तोंडावर खिडकी आपटतात!' मॅडम म्हणाल्या, 'तोंडाने गोड बोलणाऱ्यांचं गोड तिथंच संपतं. त्याचं सगळं शिल्लक आहे. आणि त्याला द्यायचं तर सगळ्यांना कळणारच. सांगून टाका.'

नाहीसाहेब, खांबामागे सरकू नका, दिसताय तुम्ही. काय म्हणताय? 'नाही'? मॅडम बघतायत हं तुमच्याकडे. बघा, मान हलवली! चहा प्यायच्या आधी माझ्या टेबलाशी येऊन चेहरा दाखवा, एवढी विनंती. आता कोणी टाळ्या तरी वाजवा.

मॅडम, आम्ही तुम्हाला घाबरत होतो आणि काकांना जीव लावत होतो. दोन्ही एकाच खोलीत बसून तुम्हीच निभावलंत. तुमच्याशिवाय तो विभाग मला फार रिकामा वाटणार आहे.

संपवतो. संचालक साहेबांनी बोलायची संधी दिली, आयोजकांनी माईक सुरू ठेवला, तुम्ही इतका वेळ बसून राहिलात, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला.

आणि एका माफीसाठी वेगळं थांबतो. आज सकाळी मी काकांना शेवटची मेल टाकली होती. 'काका, टाचणीच्या निरोपाला भाषण करायचंय, काय बोलू?' काकांचं उत्तर आलं, 'बाळा, दोनच गोष्टी सांभाळ. थोडक्यात आटप. आणि तिला रडवू नकोस, लोकांसमोर रडायची तिला सवय नाही.'

काका, तुमचं मी एकही ऐकलं नाही. सूनबाई, जरा तुमचा रुमाल द्या त्यांना.